चालीत बसलेलं साल

लेम्युएल थेअरच्या गळ्यात देव वस्तीला आहे, असं तो सारा डोंगरपट्टा म्हणायचा. म्हणणारी माणसं काही भोळी नव्हती. व्हरमाँटच्या दगडाळ शेतांवर भोळेपणा फार दिवस तग धरत नाही. पण लेम्युएल उभा राहिला, त्याने डोळे मिटले आणि पहिला सूर लावला, की दुधाच्या चरव्या हातातच राहायच्या. कुत्रीसुद्धा कान पाडून बसायची.

म्हणूनच उपदेशक एल्डर गिल्सन यांनी त्याला आपल्या शेजारी उभं केलं. गावातल्या चर्चने प्रभूच्या परत येण्याची 'वाट पाहणाऱ्यां'ना दार बंद केल्यापासून त्यांची सभा एल्डरांच्या धान्यकोठारात भरत असे. समोर आढ्याला कापडाचा मोठा तक्ता टांगलेला. त्यावर सोन्याच्या डोक्याचा आणि मातीच्या पायांचा पुतळा, पंखांचा सिंह, दहा शिंगांचं जनावर, आणि उजव्या अंगाला वरपासून खालपर्यंत उतरत आलेला हिशेब. एल्डर काठीने दाखवत बोलत जायचे. बोलता बोलता त्यांचा आवाज चढायचा, शब्द लांबायला लागायचे, आणि ते एका ठिकाणी थांबले की तेच वाक्य लेम्युएल चालीवर उचलायचा. मग सगळं कोठार त्याच्या मागे. निरूपण कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, हे कुणाला कळत नसे. असा उपदेश ज्याने ऐकला, त्याला कोरडा उपदेश पुन्हा गोड लागत नाही. ते खरंच आहे, त्यात लेम्युएलचा दोष नाही.

दोष पुढे आहे.

तक्त्यावरचा हिशेब असा होता. दानीएलच्या पुस्तकात सांगितलंय, दोन हजार तीनशे दिवसांनी पवित्रस्थान शुद्ध होईल. एल्डर म्हणायचे, भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे आपलं एक वर्ष. पारसाच्या राजाने ख्रिस्ताआधी चारशे सत्तावन्न साली यरुशलेम पुन्हा बांधायचा हुकूम दिला, तिथून मोजायला लागायचं, आणि मोजणी संपेल त्या साली प्रभू ढगांवरून येईल. आकडे लोकांच्या ध्यानात राहीनात, तेव्हा लेम्युएलने त्याचं गाणं रचलं. चाल नवी नव्हती. त्याची आई लोण्याच्या पिंपात दांडा वरखाली करताना जी चाल म्हणायची, तीच त्याने घेतली. राजाचा हुकूम एका ओळीत, दिवसांची वर्षं दुसऱ्या ओळीत, आणि शेवटी साल: अठराशे त्रेचाळीस. चार पाच रविवारांत लहान पोरांनाही ते पाठ झालं. तक्त्याकडे बघायची गरज उरली नाही.

त्रेचाळीस साल आलं आणि गेलं. एल्डर म्हणाले, यहुद्यांचं वर्ष वसंतात संपतं. वसंतात मेपलचा रस चुलीवर चढला, उकळून त्याची साखरही झाली. आकाश होतं तिथेच राहिलं. मग एल्डरांनी तीन दिवस उपास केला आणि चौथ्या दिवशी पांढऱ्या चेहऱ्याने, पण हसत, बाहेर आले. मोजणीतली चूक सापडली होती. ख्रिस्ताआधीच्या पहिल्या वर्षानंतर एकदम ख्रिस्तानंतरचं पहिलं वर्ष लागतं. मध्ये शून्य नावाचं वर्षच नाही. वजाबाकी करताना एक वर्ष हरवलं होतं. तेव्हा साल चव्वेचाळीस, आणि दिवस या शरदातला, बावीस ऑक्टोबर, मंगळवार.

लेम्युएलने त्याच दिवशी गाण्यातला एक शब्द बदलला. चालीचा एक ठोकाही हलला नाही.

त्याला त्या वेळी आनंदच झाला होता. त्याची बायको साब्रा आणि जन्मून एक दिवस जगलेलं लेकरू, दोघं टेकडीवरच्या दफनभूमीत एकाच दगडाखाली होती. प्रभू आला की मेलेली माणसं उठणार, म्हणजे या शरदात तो दगड उलथणार होता. माणसाला एवढं हवं असलं, की तो शब्द बदलताना अडखळत नाही.

घरात त्याची थोरली बहीण ऑर्फा होती. नवरा वारल्यावर दोन पोरी घेऊन ती बापाच्या शेतावर, म्हणजे आता लेम्युएलच्या शेतावर, परत आली होती. आई लवकर गेल्यामुळे लेम्युएलला तिनेच वाढवलेलं. पहिलं गाणंही तिनेच शिकवलं, लोण्याच्या पिंपाशी. तिचे टाके सगळ्या खोऱ्यात बारीक, म्हणून तक्त्यावरचं जुनं साल झाकायला कापडाचं ठिगळ लावायचं काम एल्डरांनी तिलाच दिलं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत तो भला मोठा तक्ता मांडीवर घेऊन बसली होती. सिंहाचं तोंड तिच्या गुडघ्यावर आलेलं.

"लेम, पुढच्या वर्षी पंचेचाळीसचं ठिगळ लावायला लागलं तर याच्यावरच लावायचं, की हे उसवून?" तिने दातांनी दोरा तोडत विचारलं.

"ताई, असं बोलू नये."

"टाके घालणाऱ्या बाईला विचारावं लागतं बाबा. तीन थर झाले की सुई जात नाही."

तो हसला नाही. तीही खरं तर हसत नव्हती.

सप्टेंबरात एल्डरांनी सभेत विचारलं, "शेतात पीक उभं ठेवून साक्ष कोण देणार? त्या मंगळवारी प्रभू येणार हे ज्याला पटलंय, तो हिवाळ्याचे बटाटे कशाला खणेल?" कोठारात चुळबुळ झाली. बटाटे म्हणजे हिवाळ्याचं अर्धं पोट. आणि लेम्युएल उभा राहिला. ठरवून नाही, एल्डरांचा आवाज चढला की त्याचे पाय आपोआप उभे राहत. "मी कुदळ लावणार नाही," तो म्हणाला आणि तिथेच ते चालीवर म्हणून दाखवलं. त्याच्या मागे अकरा घरांनी हात वर केले. ऑर्फा बायकांच्या बाजूला बसली होती. तिने हात वर केला नाही, पण तिच्या पोरींच्या तोंडचा घास भावाच्या शब्दाला बांधला गेला.

पुढच्या रविवारी, निरूपण रंगात आलेलं असताना, तीच उभी राहिली.

"एल्डर, एक विचारू?"

बायकांनी सहसा विचारायचं नसे. पण एल्डर सज्जन माणूस. "विचारा, भगिनी ऑर्फा."

"योना माशाच्या पोटात तीन दिवस होता. ते दिवस की वर्षं?"

कुणीतरी खुदकन हसलं.

"दिवस," एल्डर म्हणाले.

"आणि आपला प्रभू कबरीत तीन दिवस होता. तेही दिवसच. नाहीतर मग तो तीन वर्षांनी उठला म्हणायला हवं. मग दानीएलपाशी आल्यावरच दिवसाचं वर्ष कसं झालं?"

"यहेज्केलला देवाने कुशीवर निजवून सांगितलं, एका दिवसाबद्दल एक वर्ष धर."

"त्याला सांगितलं, म्हणून त्याने धरलं. दानीएलला कुठे सांगितलंय? मी तीनदा वाचलं. नाहीये. मग आपल्याला कोणी सांगितलं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आणि या तक्त्यावरचं ठिगळ मी लावलंय. टाके दिसू नयेत म्हणून डोळे फोडून घातलेत. पण खाली जुना आकडा तसाच आहे, एल्डर. तो पुसला कुणीच नाही. मोजायला चुकलो, हे दिवस टळून गेल्यावरच कसं कळतं आपल्याला?"

एल्डरांची काठी तक्त्यावर सिंहापाशी अडकून राहिली. मग त्यांनी लेम्युएलकडे पाहिलं. रागाने नाही, बुडणारा माणूस काठावरच्याकडे पाहतो तसं.

आणि लेम्युएलने सूर लावला.

सभेचा तसा रिवाजच होता. कुणी बाहेरचा टवाळ आत शिरून ओरडायला लागला, की गाणं उचलायचं. साठ गळ्यांपुढे एक तोंड किती टिकणार? पण ही बाहेरची टवाळ नव्हती. राजाचा हुकूम, दिवसांची वर्षं, आणि चव्वेचाळीस. कोठार दणाणून गेलं. आढ्यावरच्या पाकोळ्या उडाल्या. ऑर्फाचे ओठ अजून हलत होते, शब्द कुणालाच ऐकू येत नव्हते. शेवटच्या आजारात आईचे ओठ असेच हलायचे. मग ते हलायचे थांबले. ऑर्फाने डोक्यावरचं बॉनेट सारखं केलं आणि खाली बसली. तिच्या दोन्ही बाजूच्या बायका हातभर सरकल्या.

आपण सूर इतका वर का लावला, हे लेम्युएलला लगेच कळलं. नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.

त्यानंतर घरात बोलणं राहिलं ते मिठा-पाण्यापुरतं. ऑर्फा मक्याची भाकरी त्याच्यापुढे ठेवायची, जराही आपटायची नाही. आपटली असती तर बरं, असं त्याला वाटायचं. अखेरच्या आठवड्यात, बुधवारी, तो दुकानात मीठ आणायला गेला, तर दुकानदार एबेनेझर क्रेन गल्ल्यावर कोपरं टेकून वाटच बघत होता.

"अरे लेम्युएल! अजून इथेच? मी म्हटलं गेलास वर."

"मंगळवारी," लेम्युएल म्हणाला.

"मंगळवारी जाणाऱ्याला एवढं मीठ?"

दुकानातली माणसं हसली. लेम्युएलला ते लागलं नाही. टवाळीची सवय होती. लागलं ते पुढचं. क्रेन आवाज खाली आणून म्हणाला, "बहिणीला म्हणावं, लागलं तर माझ्याकडून पीठ उधार ने. तिने त्या दिवशी काय विचारलं ते ऐकलं मी. आमच्या पाद्र्यालाही नसतं सुचलं." म्हणजे तिचा प्रश्न गावात पोचला होता. आणि तो गाण्याखाली कुणी पुरला, हेही.

त्या संध्याकाळी गोठ्याशी तो तिला म्हणाला, "ताई, पहाटे कडक गारठा पडायला लागलाय. जमीन गोठली तर बटाटे गेले. तू असं कर, ओढ्याकडचा मागचा पट्टा आहे ना, तो रस्त्यावरून दिसत नाही. तेवढा खणून घे. मी काही बोलणार नाही."

ऑर्फाने बादली खाली ठेवली.

"चोरून?"

"चोरून असं नाही..."

"आपल्याच बापाच्या जमिनीतले बटाटे मी चोरून खणू? लेम्या, तू लोकांपुढे शब्द दिलास, गाऊन दिलास. तुझ्या भरवशावर अकरा घरांनी दिला. रॅन्सम बीबीची सहा पोरं आहेत. त्यांना कुठला मागचा पट्टा दाखवशील?"

"मंगळवारी प्रभू आला तर?"

"आला तर मी मातीच्या हातांनी त्याच्यापुढे जाईन. तो सुताराचा पोर, त्याला कामाचे हात कळतात." तिने हात झग्याला पुसले. "माझं म्हणणं तो येणार नाही असं कधीच नव्हतं रे. मीही रोज म्हणते, ये. पण तारीख त्याने दिलेली नाही. जे लोकांपुढे बोललास ते लोकांपुढेच मागे घे. नाही घेतलंस तर मी आणि पोरी उपाशी राहू, पण मागचा पट्टा खणणार नाही."

बादली उचलून ती गेली. लेम्युएल गाईपाशी बसला. धार काढताना तो नेहमी गुणगुणायचा, त्याशिवाय ती गाय पान्हाच सोडत नसे. तीच चाल ओठांवर आली. शेवटच्या ओळीशी त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने चव्वेचाळीसच्या जागी पंचेचाळीस म्हणून पाहिलं. बसलं. मग सत्तावन्न. बसलं. अठराशेच्या जागी एकोणीसशे. तेही बसलं, पाण्याने घागर भरावी तसं. नोहाच्या जलप्रलयाचं साल घातलं असतं तरी त्या चालीने कुरकुर केली नसती. गाय आरामात रवंथ करत होती. तिला सगळी सालं सारखीच.

लेम्युएलने धार काढायची थांबवली. आपण लोकांना वचन पाठ करून दिलं, असं तो आजवर समजत होता. त्याने पाठ करून दिली होती चाल. लोकांचा विश्वास बसला होता तो आईच्या लोण्याच्या गाण्यावर, आणि त्यात साल कुठलंही सरकवता येत होतं. देवाने दिलेला गळा, आणि त्याने काय केलं? ज्या बहिणीने त्या गळ्याला पहिला सूर दिला, तिचंच तोंड त्याने बंद केलं. गाईच्या पोटाला कपाळ टेकून तो किती वेळ बसला होता कुणास ठाऊक. धरणीने पोटात घ्यावं असं माणूस सहज म्हणून जातो. त्याला त्या वेळी साब्राच्या दगडाकडे बघायचीही लाज वाटली.

शेवटचा रविवार आला. कोठार खच्चून भरलं होतं. एल्डरांनी दाढी केली होती, स्वच्छ कॉलर लावली होती. त्यांचा एकुलता एक मुलगा लाकूडतोडीवर गेला असताना नदीत वाहून गेलेला, त्याचं प्रेतही मिळालं नव्हतं. आज त्यांच्या डोळ्यांत तोच पोरगा होता. निरूपण चढत गेलं, शब्द लांबले, आणि ते थांबले. लेम्युएल उभा राहिला.

तो गायला. राजाचा हुकूम, दिवसांची वर्षं. साठ गळे मागून आले. आणि शेवटच्या ओळीत त्याने, आवाज जराही न डगमगता, पंचेचाळीस म्हटलं.

निम्म्याहून अधिक कोठार त्याच्या मागून पंचेचाळीस म्हणून गेलं.

मग ते कळलं. एकेका चेहऱ्यावर कळत गेलं. रॅन्सम बीबीचं तोंड अजून उघडंच होतं.

"चूक झाली," कुणीतरी कुजबुजलं.

"चूक झाली नाही," लेम्युएल म्हणाला. बोलताना त्याचा आवाज गाण्यासारखा नव्हता, घोगरा, परका. "मी मुद्दाम म्हटलं. आणि तुम्ही म्हटलंत. त्रेचाळीस म्हटलं तेव्हाही म्हटलंत. मी जे घालीन ते या चालीत बसतं. माझ्या बहिणीने इथे उभं राहून प्रश्न विचारला होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं, एल्डरांकडेही नव्हतं. म्हणून मी गायलो. देवाचं गाणं मी तिच्या तोंडावर दाबलं." त्याने बायकांच्या बाजूला पाहायचा प्रयत्न केला, मान वर उचलली जाईना. "मी बटाटे खणणार नाही म्हणालो होतो. उद्या सकाळी खणणार आहे. ज्यांनी माझ्याकडे बघून हात वर केले, त्यांनी माझ्याकडे बघू नये. मी मोजलेलं नाही. मी फक्त गायलो."

"बंधू लेम्युएल," एल्डर म्हणाले. त्यांनी काठी घट्ट धरली. "शेवटच्या रविवारी देवाची थट्टा?"

"देवाची नाही, एल्डर."

"मग माझी?"

साठ माणसांपुढे लेम्युएलने एका म्हाताऱ्या बापाच्या हातातली काठी काढून घेतली होती, आणि ते त्यालाही दिसत होतं. एका चुकीची लाज फेडायला जावं तर दुसरी समोर उभी. तो मधल्या वाटेने बाहेर निघाला. मागे कुणीतरी जुनंच गाणं उचललं, चव्वेचाळीसवालं. सूर नीट लागला नाही, तरी ते गात राहिले.

सोमवारी सकाळी जमिनीवर पापुद्र्याएवढं दव गोठलं होतं. लेम्युएलने रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यापासूनच सुरुवात केली. थोड्या वेळाने ऑर्फा आली, दुसरी कुदळ घेऊन. तिने शेजारची ओळ धरली. पोरी टोपल्या भरायला लागल्या. खोऱ्याच्या पलीकडे बीबीची बायको रस्त्याकडे पाठ करून खणताना दिसली, तेवढी एकच. उरलेल्या शेतांत रोपं काळी पडून लोळत होती. जाणारे येणारे थांबून बघत होते. क्रेनची गाडी गेली, त्याने टोपी उचलली, टोमणा मारला नाही. टोमणा असता तर लेम्युएलला तो झेलता आला असता.

मंगळवार आला आणि, इतर कुठल्याही मंगळवारासारखा, मावळला.

बुधवारी ऑर्फाने दोन्ही कुदळी दाराशी आणून ठेवल्या.

"आपले संपले ना काल," लेम्युएल म्हणाला.

"एल्डरांचे राहिलेत."

"ताई, त्यांच्या दारात मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"तोंड घरी ठेव. हात घेऊन चल."

एल्डर गिल्सन उंबऱ्यावर बसले होते, रविवारच्याच स्वच्छ कॉलरमध्ये. दाढीचे खुंट वाढलेले. कोठाराचं दार उघडं होतं आणि आत तक्ता खाली उतरून पडला होता, सिंहाचं तोंड वर. ऑर्फाने त्यांना "सुप्रभात, एल्डर" म्हटलं, जसं रोजचंच आहे, आणि त्यांच्या शेतात जाऊन पहिलं रोप उपटलं. लेम्युएल तिच्या मागे. एल्डरांच्या समोरून जाताना त्याची नजर आपल्याच बुटांवर होती.

बराच वेळ नुसता कुदळींचा आवाज. मग उंबऱ्यावरचा म्हातारा उठला, अडखळत शेताच्या कडेला आला आणि ऑर्फाच्या हातातली टोपली त्याने धरली.

"भगिनी ऑर्फा," ते म्हणाले, "तुम्ही विचारलंत त्याचं... मी तेव्हापासून शोधतोय. सापडत नाहीये."

"सापडलं तर सांगा," ती म्हणाली. "नाही सापडलं तरी टोपली धरा, जड आहे."

ते खाली वाकले. वाकल्या वाकल्याच लेम्युएलला म्हणाले, "इतकी शांतता सोसवत नाही रे. काहीतरी म्हण."

लेम्युएलने नकारार्थी मान हलवली. देवाची क्षमा देव देईल, त्यावर त्याचा विश्वास होता; पण या दोन माणसांच्या मधे उभं राहून सूर लावायचा, एवढं धैर्य त्याच्यात नव्हतं.

तेव्हा ऑर्फाने म्हटलं. कुदळ न थांबवता, आईच्या चालीत, आईच्याच शब्दांत: ये गं साये, ये गं वर, लेकरं बसली दारावर. तिचा गळा काही मोठा नव्हता, वरच्या पट्टीला फाटायचा. कुठलंही साल त्यात नव्हतं. दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा लेम्युएलने, मान वर न करता, तिच्या खालचा सूर धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच तो कुणाच्या मागून गात होता. तिचा शब्द ऐकू यावा एवढ्याच बेताने, अगदी हलका. मध्येच ती एक शब्द विसरली आणि थांबली, तेव्हा तोही गायचा थांबला, आणि तिला आठवेपर्यंत खणत राहिला.